पुढचा एकशे पंचेचाळीस, मागचा नव्वद

माझा नवरा विसरतो. तक्रार म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. छत्री विसरतो, चष्मा विसरतो, एकदा बँकेत गेला आणि कशाला आलो तेच विसरला, म्हणून तिथल्या गार हवेत अर्धा तास बसून परत आला. बचाव केंद्रातले लोक त्याला विसरोबा म्हणतात आणि तो त्या हाकेला ओ देतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते आणि मनातल्या मनात अरे-तुरे, त्यामुळे इथेही तसंच लिहिणार आहे.

पाण्यावर मात्र तो वेगळाच माणूस असतो. सतरा वर्षं तो तलावात बुडणाऱ्यांना बाहेर काढतोय. कुठल्या काठाला गाळ आहे, वारा फिरला की लाट कुठून येते, कोण खरंच दमलाय आणि कोण नुसती मस्ती करतोय, हे त्याला मनोऱ्यावर बसल्या बसल्या कळतं. तिथे त्याने काही विसरल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी एक माणूस पोहता पोहता तलावाच्या मध्यावर थकला. नवरा वॉटर स्कूटर घेऊन गेला, त्याला मागच्या तराफ्यावर ओढून घेतलं, आणि परत फिरल्यावर शंभरेक मीटरवर इंजिन आचके देत बंद पडलं. बटण दाबून दाबून अंगठा दुखला तरी चालू होईना. केंद्राची दुसरी गाडी तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. मग नवरा पाण्यात उतरला आणि स्कूटर, तराफा, त्यावरचा माणूस असं सगळं लटांबर दोरीने ओढत पोहायला लागला. वीस मिनिटांनी दुसरी गाडी पोचली. तो माणूस वाचला. आणखी दहा मिनिटं गेली असती तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

विचारलं ते दुसरंच. ही स्कूटर टू-स्ट्रोक इंजिनाची, जुन्या पद्धतीची. हिला ऑइलची वेगळी टाकी नाही, पेट्रोलमध्येच मिसळून घालायचं. वीस लिटरच्या कॅनला चारशे मिलीलिटर. तेवढंच काय ते इंजिनाचं वंगण. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन सिलिंडरवर कोरडा घासतो आणि तासाभरात इंजिनाचे बारा वाजतात. शुक्रवारी सकाळचा कॅन नवऱ्याने भरला होता. आणि कोठीतली ऑइलची बाटली निघाली सीलबंद.

"जुन्या बाटलीत पुरेसं उरलं होतं, तेच घातलं," नवरा म्हणाला. जुनी बाटली कुठे आहे? कचऱ्यात टाकली. कचरा कुठे आहे? गाडी येऊन घेऊन गेली. वर्कशॉपला पाठवण्याआधी टाकी आणि नळ्या रिकाम्या करायच्या, हा केंद्राचा नियम शनिवारी कोणीतरी अगदी मन लावून पाळला, त्यामुळे पेट्रोलही गेलं. उरला फक्त त्याचा शब्द. विसरोबा म्हणतो की मी विसरलो नाही, यावर केंद्रातले लोक गालातल्या गालात हसले, झालं.

केंद्रप्रमुखांनी त्याला बोलावून सांगितलं की बुधवारी अहवाल वर जाणार आणि तोवर त्याने घरीच थांबायचं. इंजिन ऑइलशिवाय चालवलं असं निघालं, तर त्याला पाण्यावरून काढणार, तेही कायमचं. ऑफिसात बसून नोंदी करायच्या. नवऱ्याला ऑफिसात बसवणं म्हणजे काय, हे त्याच्या चष्म्याला विचारा.

शनिवारी रात्री जेवताना त्याने मला एकच विचारलं, "तुला तरी पटतंय ना?"

"बघू," मी म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मला पटलं नव्हतं. चौदा वर्षं मी त्याच्या मागे दिवे बंद करत, नळ बंद करत, दारं लावत फिरले आहे. मला वाटलं, अखेर पाण्यावरही विसरला. त्याने ताट उचलून ठेवलं आणि, कधी नव्हे ते, ओटाही पुसला.

आता माझं सांगते. धक्क्यामागच्या रस्त्यावर माझं वर्कशॉप आहे, आधी बाबांचं होतं. बोटींची इंजिनं, पंप, आणि केंद्राच्या तिन्ही स्कूटर दुरुस्तीला माझ्याकडेच येतात. सोमवारी सकाळी केंद्रप्रमुख साहेब स्वतः गाडीबरोबर आले आणि दारातच अडखळले.

"बाई, तुम्ही त्यांच्या मिसेस. तुमचा शब्द मी अहवालात कसा धरू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो माणूस चुकीचं बोलत नव्हता.

"शब्द धरू नका," मी म्हणाले. "बुधवारी तीनला इथे या. जे काय निघेल ते टेबलावर मांडून ठेवते, तुमच्या डोळ्यांनी बघा, तुमच्या हाताने मोजा. आणि यांनी ऑइल घातलं नसेल, तर तेही मीच सांगेन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. जवळपास टू-स्ट्रोकला हात लावणारं दुसरं कोणी नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. "बुधवारी तीन," म्हणाले आणि गेले.

ते गेले आणि सासूबाई आल्या. सत्तरी उलटली आहे, गुडघे बोलतात, पण घरापासून वर्कशॉपपर्यंत चालत आल्या होत्या. घरी मुलगा खिडकीशी बसून असतो, ते बघवत नाही म्हणाल्या. स्टुलावर बसल्या आणि पदर खोचला.

"मला काहीतरी काम दे."

"आई, इथे सगळं ग्रीस आहे."

"मग काय झालं? मी काय साखरेची आहे?"

मला खरोखरच एक जास्तीचा हात हवा होता. कॉम्प्रेशन मोजताना एका हाताने गेज सांभाळायचा, दुसऱ्याने थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि तिसऱ्याने स्टार्टरचं बटण दाबायचं. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते. सिलिंडर धड असेल तर दाब भरतो, कुठे फट असेल तर निसटतो. मी सासूबाईंना बटण दाखवलं.

इंजिनाला दोन सिलिंडर, एक पुढे, एक मागे; दोन्हींचे प्लग काढले. काढतानाच हात थांबला. पुढचा प्लग तपकिरी, किंचित ओलसर, निरोगी इंजिनाचा असतो तसा. मागचा पांढराफटक आणि कोरडा. मी दोन्ही फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले, प्लगच्या वायरी इंजिनाच्या बॉडीला लावल्या आणि पुढच्या सिलिंडरच्या भोकात गेज बसवला.

"दाबा आई. मी सोडा म्हणेपर्यंत सोडू नका."

इंजिन घुर्र करून फिरलं. काटा एकेका धक्क्याने चढत गेला आणि सहाव्या धक्क्याला थांबला. एकशे पंचेचाळीस. उत्तम. मग गेज मागच्या सिलिंडरला लावला. काटा कसाबसा चढला, दमला आणि थांबला. नव्वद.

"नापास?" सासूबाईंनी विचारलं.

"सपशेल. दोघांत दहा टक्के फरक पडला तरी मी कपाळाला हात लावते. इथे अडतीस टक्के पडलाय."

सासूबाईंनी फडक्यावरचे दोन्ही प्लग निरखून पाहिले. मग म्हणाल्या, "दोघांना पेट्रोल एकाच टाकीतून जातं ना?"

"हो."

"मग त्यात तेल नव्हतं, तर एकच कसा मेला? दुसरा काय उपास सोडून आला होता?"

चार शब्दांत बाईंनी सगळ्या अहवालाला भोक पाडलं होतं. शुक्रवारपासून छातीवर बसलेलं काहीतरी जरा हललं, आणि त्याच क्षणी मला माझीच भीती वाटली. मला हवं ते उत्तर मिळत होतं. हवं ते उत्तर मिळायला लागलं की मेकॅनिकने दुप्पट सावध व्हावं, हे बाबांनी मला पाना धरायला शिकवण्याआधी शिकवलं होतं.

कारण हा आकडा खोटाही असू शकत होता. आधी पुढचा मोजला, मग मागचा. पहिल्या वेळेस बॅटरी ताजी असते, दुसऱ्या वेळेस थकलेली. इंजिन हळू फिरलं की काटा कमीच दाखवतो. साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते, त्यांनी हे नक्की विचारलं असतं. मी बॅटरी चार्जिंगला लावली.

मंगळवारी सकाळी उलट क्रमाने मोजलं. मागचा आधी: ब्याण्णव. पुढचा नंतर: एकशे चव्वेचाळीस. मग शेजारच्या पंपवाल्याकडून त्याचा गेज मागून आणला आणि पुन्हा मोजलं. दोन-तीन पौंड इकडेतिकडे, बाकी तेच. सासूबाईंचा अंगठा लाल झाला, पण त्यांनी बटणावरचा हक्क सोडला नाही.

"आता त्यात तेल ओतून बघतात ना?" त्यांनी विचारलं. एवढी वर्षं माझ्या जेवणावरच्या गप्पा त्या ऐकत होत्या तर!

बघतात, खरं आहे. चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून ओतायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही चढला तर दुसरीकडचा. मी चमचा हातात घेतलाही होता. मग ठेवून दिला. भांडणच ऑइलचं होतं. या इंजिनात ऑइल होतं की नव्हतं हे ठरायचं होतं आणि मी माझ्या हाताने त्यात ओतणार? मी ऑइलचा डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली सासूबाईंना दिली.

"बुधवारी साहेबांना सांगा, किल्ली तुमच्याकडे होती."

"सांगीन की," त्या म्हणाल्या आणि किल्ली कमरेला लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा मुलगा विसरतो. पण खोटं बोलत नाही. घातलं नसतं तर आठवत नाही म्हणाला असता."

हे मला चौदा वर्षांत सुचलं नव्हतं. विसरणारा माणूस सहसा आठवत नाही असंच म्हणतो. नवरा म्हणाला होता की घातलं. दुपारभर ते डोक्यात फिरत राहिलं.

मंगळवारी दुपारी धूर बाहेर नेणारी बाजू उघडली. तिथल्या खिडक्यांमधून टॉर्च मारला की इंजिन न खोलता पिस्टनची कड दिसते. पुढचा पिस्टन गुळगुळीत, ओला, चमकणारा. मागच्यावर उभे ओरखडे आणि वरची रिंग खाचेत रुतून बसलेली. सासूबाईंनीही डोकावून पाहिलं.

"मांजराने नखं मारलीत जशी."

"उष्णतेने. हा भाजून निघालाय."

आता प्रश्न एकच होता. एकटा मागचाच का भाजला? पांढरा प्लग सांगत होता की त्या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती. म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत जात होती. कुठून, ते शोधायला इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत हलका दाब भरायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडायचं. जिथे बुडबुडे, तिथे चोर.

याला पंप मारायला ताकदीचा माणूस हवा. बुधवारी सकाळी निघताना मी खिडकीशी बसलेल्या नवऱ्याला म्हणाले, "अहो, चला. पंप मारायचाय."

"मी आलो तर साहेब म्हणतील, आपसात संगनमत केलं."

"पंप तेवढा मारा, बोलू नका, म्हणजे संगनमत होणार नाही."

तो आला. चपला एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरीच घालून आला, पण आला. मी धुराच्या खिडक्या आणि कार्ब्युरेटरची तोंडं रबर लावून पट्ट्यांनी आवळली. पुढच्या सिलिंडरच्या बाजूला सहा पौंड दाब भरला. पाच मिनिटं काटा जागचा हलला नाही. मागच्या बाजूला सहा भरले. काटा बघता बघता तीनवर आला.

मी साबणाचं पाणी ब्रशने सोडत गेले. वरचं झाकण, काही नाही. सिलिंडरची बैठक, काही नाही. शाफ्टचं सील, काही नाही. मग ब्रश कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर नेला आणि तिथे भसाभस फेस आला.

"सापडला!" नवरा ओरडला. बोलायचं नाही हे तो विसरला होता. सासूबाई स्टुलावरून उठल्या. दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मी फेस पुसला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्या जोडात फट राहू नये म्हणून कागदी गॅस्केट असते. कंपनीची यायला तीन आठवडे लागतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी ती हाताने कापली होती. गॅस्केटचा कागद जोडावर धरायचा आणि कडेकडेने हातोडीने हलकं ठोकत जायचं, की हवा तसा आकार कापून निघतो. बाबांची पद्धत. तिच्यात काही खोट नाही, पण ती एक गोष्ट मागते. इंजिन पहिल्यांदा गरम झालं की कागद बसतो, दबतो, आणि मग सगळे नट पुन्हा एकदा आवळावे लागतात. आवळून झालेल्या नटावर आमच्याकडे पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची रीत आहे. पुढच्या जोडाच्या चारही नटांवर ठिपके होते. मागच्या चारांवर एकही नव्हता.

मी पाना लावून पाहिला. पहिला नट अर्धा फेरा फिरला. दुसरा त्याहून जास्त.

आणि मला तो दिवस लख्ख आठवला. पुढचे चार नट आवळले, ठिपके दिले, आणि दारातून हाक आली. नवरा उभा होता. घराची किल्ली विसरला होता, माझ्याकडची मागायला आला होता. मी उठले आणि दहा मिनिटं त्याची बिनपाण्याने केली. एक गोष्ट धड लक्षात राहत नाही म्हणाले. डोकं आहे की खोकं म्हणाले. मग हात धुतले, परत आले, आणि मागच्या नटांना हात न लावता वरचं कव्हर बसवून गाडी देऊन टाकली.

विसरण्यावरून त्याला झापण्याच्या नादात मी विसरले होते. आणि त्या चार नटांपायी शुक्रवारी एक माणूस तलावाच्या मध्यावर मरता मरता राहिला होता, आणि त्याला ओढून आणताना हाही.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, किल्लीसकट. सासूबाई पुन्हा स्टुलावर बसल्या. नवऱ्याने वाकून एकेक नट बघितला. मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"तीनला अजून वेळ आहे," तो म्हणाला. "नट आवळून टाक."

"काय?"

"आवळ आणि ठिपके दे. साहेबांना मी सांगतो, ऑइल घालायचं राहिलं असेल. माझ्या बाबतीत सगळ्यांना सवय आहे, कोणाला नवल वाटणार नाही. मला आत बसवतील, बसेन. पण तुझ्या हातून बचावाच्या गाडीत अशी चूक झाली हे बाहेर गेलं, तर या रस्त्यावर कोण तुला इंजिन देईल? बाबांपासूनचं नाव आहे."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला, बाजारातून येताना काय आणू विचारावं तसं. आणि लाजेची गोष्ट म्हणजे, मी लगेच नाही म्हणाले नाही. पाना माझ्या हातातच होता. चार नट, चार थेंब रंग. सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या. एका बाजूला मुलगा, एका बाजूला सून, त्या तरी काय बोलणार? मी त्या नटांकडे बघत उभी राहिले आणि खरंच विचार केला. एक मिनिट असेल, दोन असतील. मग त्या जागी नवरा नोंदवह्यांच्या टेबलाशी बसलेला दिसला, चष्मा शोधत, आणि खिडकीबाहेर तलाव. मला इतका राग आला, स्वतःचा, की पाना मी टेबलावर आपटला.

"चार दिवस मी तुम्हाला खोटं समजत होते," मी म्हणाले. "खरं सांगा, तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग आता मला तरी खरं बोलू द्या. आणि त्या नटांना कोणी हात लावायचा नाही."

मग मी इंजिन खोललं, कारण गळती सापडली म्हणून ऑइल होतं हे सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि साहेबांना अर्धं उत्तर देऊन मी नवऱ्याला अर्धा सोडवणार नव्हते. झाकण काढलं, दोन्ही सिलिंडर वर उचलले, पिस्टन काढले, आणि टॉर्च खालच्या पोकळीत मारला, जिथे पेट्रोल उडून गेलं की ऑइल मागे राहतं. पुढच्या पोकळीत निळसर ऑइलचा थर होता. मागच्याही तळाशी तसाच. दोन्हीकडच्या बेअरिंगना बोट लावलं, बोट ओलं झालं.

"बघा," मी नवऱ्याला म्हणाले. "बघा, घातलं होतं तुम्ही."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

साहेब तीनला पाच कमी असताना आले. मी टेबलावर सगळं मांडलं होतं: दोन प्लग, दोन पिस्टन, तिन्ही वेळचे आकडे लिहिलेला कागद. त्यांनी एकेक गोष्ट विचारली आणि मी एकेक दाखवली. बॅटरीचं त्यांनी विचारलंच. आणि तळातलं ऑइल आधीच्या दिवसांचं नसेल कशावरून, असंही विचारलं.

"तासभर नुसतं पेट्रोल फिरलं असतं तर धुऊन गेलं असतं. आणि मग पुढचा पिस्टनही असा गुळगुळीत राहिला नसता."

"आणि तुम्ही नंतर घातलं नाही कशावरून?"

सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तो मुद्दा सोडून दिला.

मग मी त्यांना जोडापाशी नेलं, पाना त्यांच्याच हातात दिला आणि मागचे नट तपासायला लावले. मी पाना न लावलेले दोन्ही सैल निघाले. त्यांनी पुढचे पाहिले, पिवळे ठिपके पाहिले.

"म्हणजे वर्कशॉपची चूक."

"माझी. इथे दुसरं कोणी काम करत नाही. दुसऱ्यांदा आवळायचे राहिले, तिथून हवा शिरली, मागचा सिलिंडर भाजला आणि शुक्रवारी इंजिन बंद पडलं. असंच लिहा."

त्यांनी लिहिलं. उभ्या उभ्या, फळीवर कागद ठेवून, बराच वेळ.

"बाई, माझा माणूस पाण्याच्या मध्यावर अडकला होता," लिहून झाल्यावर ते म्हणाले. "तुम्ही खरं सांगितलंत, त्याबद्दल आदर आहे. पण यापुढे आमच्या गाड्यांचं काम मला दुसरीकडे द्यावं लागेल."

"समजतं मला," मी म्हणाले. खरंच समजत होतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

ते नवऱ्याकडे वळले. "तुमच्या बाबतीत आमची चूक झाली. उद्यापासून मनोऱ्यावर या. ही गाडी बाहेरून दुरुस्त होऊन येईपर्यंत दुसरी वापरा."

"बाहेरून दुरुस्त झाली तर मी तिच्यावर बसणार नाही," नवरा म्हणाला.

"म्हणजे?"

नवऱ्याला जास्त बोलायची सवय नाही. त्याने आधी पायातल्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे पाहिलं.

"साहेब, दुसरा कोणी असता तर त्याने आज सकाळी ते चार नट गुपचूप आवळले असते आणि तुम्हाला सांगितलं असतं की ऑइल नव्हतं. तुम्हाला पटलंही असतं. माझ्या घरातसुद्धा पटलं होतं." इथे त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे. "पाण्यात मला इंजिन चुकलेलं चालेल. पण चुकलं तर चुकलं म्हणून सांगणारा माणूस काठावर हवा. असा दुसरा तुम्हाला माहीत असेल तर मी त्याच्या गाडीवर बसतो."

साहेबांनी लिहिलेल्या कागदाची घडी घातली.

"हेही लिहा की," सासूबाई म्हणाल्या.

मला रडू आलं. चार दिवस मी या माणसावर एवढासुद्धा विश्वास ठेवला नव्हता, आणि तो माझ्या हातच्या इंजिनावर जीव ठेवायला निघाला होता, त्यात काय चुकलंय ते डोळ्यांनी बघून झाल्यावर. मी ग्रीसच्या फडक्याने डोळे पुसले, त्यामुळे तोंडाचं काय झालं असेल ते झालं असेल.

साहेबांनी कागद पुन्हा उघडला, काम दुसरीकडे द्यायची शेवटची ओळ वाचली आणि खोडली. "किती दिवस लागतील?"

"नवा पिस्टन, रिंगा, सिलिंडर घासून घ्यायचा. सहा दिवस. आणि बाकीच्या दोन गाड्या उद्याच मला बघायच्यात. त्यांच्याही गॅस्केट माझ्याच हातच्या आहेत."

"उद्या सकाळी आठला हे त्या दोन्ही गाड्या पाण्यातून इथे घेऊन येतील," साहेब नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "सातला मीच केंद्राच्या धक्क्यावर येते. एकेक नट स्वतः बघितल्याशिवाय मी यांना त्यांच्यावर बसू देणार नाही."